होडीच्या गाण्यातली इस्त्री

ता. ४ फेब्रुवारी

चि. भोंगाबाईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी जुन्या गाण्यांची सीडी आली. आजोबांनी लाँड्री बंद ठेवून स्वतः जाऊन आणली, लोकांचे शर्ट राहिले चुरगळलेले. सीडीवरच्या फोटोत केस विंचरले नाहीस ना? वेणी घालताना भोकाड पसरायचीस, म्हणून तर भोंगा नाव पडलं. काय सांगत होते? हां, सीडी. समोरचा शिंपी, त्याची बायको, दूधवाला, सगळ्यांना बोलावून बसवलं. म्हटलं, मी इस्त्री करताना म्हणते ना ते होडीचं गाणं, ते माझ्या नातीनं गायलंय, ऐका. गाणी दुसऱ्यांची, पण ओरडणं अगदी तुझंच हो! तुझ्या त्या रॉकनं गल्लीतलं कुत्रं आमच्या पलंगाखाली शिरलं. सगळी गाणी संपली, होडी काही आली नाही. आजोबांनी सीडी उलटी घालूनही पाहिली. शिंपीण म्हणाली, विसरली असेल हो, मोठी झाली आता. ते मला लागलं. विसरलीस का गं?

हात दुखला म्हणून थांबते, माया थांबत नाही.
तुझी आजी

ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

विसरेन कशी? गायलंय गं, पण ते फक्त परदेशातल्या सीडीत आहे. इकडच्या सीडीतून कंपनीनं काढलं, आणि त्याला कारण तू! तिसऱ्या कडव्यात मी ठणकावून गायले, ‘सरक बाळा बाजूला, इस्त्री माझी तापली.’ टेबलाखाली बसून हेच तर ऐकत मोठी झाले, मला तीच खरी ओळ वाटायची. गीतकारांचा मुलगा म्हणाला, बाबांच्या होडीत इस्त्री नव्हती. तोवर परदेशातल्या सीडी दुकानांत गेल्या होत्या. आता खरी ओळ गाऊन दिली, तरच इकडच्या पुढच्या खेपेत गाणं घेतील म्हणे. मी अडून बसलेय. तुझी ओळ नाही, तर गाणं नाही.

आजोबांना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा भोंगा

ता. २ मार्च

चि. भोंगाबाईस आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझ्या परदेशातल्या आत्यानं तिकडून सीडी पाठवते म्हटलं, ती ऐकल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अगं वेडे, तिथली खरी ओळ मला कधी आलीच नाही! तू टेबलाखालून इस्त्रीची वायर ओढायचीस, भाजशील म्हणून मी चालीतच ओरडायची. आजोबा इतके हसले की कवळी काढून ठेवावी लागली.

पण अडून बसू नकोस. बापाची ओळ लेकानं नाही राखायची तर कुणी? आजोबांनी घातलेली घडी मी जरा बदलली तर दिवसभर गाल फुगवून बसतात. खरी ओळ शीक, नीट गा, इकडच्या लोकांना तीच दे. शिंपिणीला मात्र मी दोन्ही ऐकवणार, माझ्या नातीला विसराळू म्हणते काय!

काल आत्याची सीडी लावली. आजोबा चादरीला इस्त्री करत होते. तुझी ती ओळ आली, तशी त्यांनी इस्त्री उभी केली आणि वाकून टेबलाखाली पाहिलं.

सवड काढून ये. टेबल तेच आहे. तू मावणार नाहीस, पण ये.
तुझी आजी