टाचेतली टाचणी

राणीसरकार,

तू शाळेत शिकवायला गेल्यावर मोजा काढला, तर टाचेत टाचणी रुतलेली. काल शिवताना खाली पडली असणार. कालपासून पायात होती आणि मला पत्ताच नाही! दुखलं असतं तर बरं वाटलं असतं गं. साखरेपायी दादाचा पायही आधी असाच बधिर झाला होता, मग कापावा लागला. त्या धास्तीनेच माझा पाय बधिर होतोय हे दोन महिने तुझ्यापासून लपवलं. चुकलंच माझं, हवं तेवढं बोल.

दवाखान्यात निघालोय. जेवलोय, गोळीही घेतलीय. गिऱ्हाइकाचा कोट शेजारच्या वहिनींकडे ठेवलाय.

एकट्यानेच जाऊन येणार होतो, पण धीर होईना. घरी आलीस की पर्सही खाली ठेवू नकोस, तशीच ये. बाहेरच्या बाकावर बसतो. तू आल्याशिवाय आत जाणार नाही.

तुझा शिंपी