निऱ्यांचं कापड

पिंपळगाव राजा,
१० मार्च

प्रिय संघपाल,

पाकीट पाहून दचकू नकोस. हल्ली टपाल आलं की माणसाला नोटीसच वाटते, तसलं यात काही नाही. फोनच केला असता, पण पाच महिन्यांत दोनदा तुझा नंबर लावला आणि तिकडून "हॅलो" आलं की ठेवून दिला. कागदाचं बरं असतं, एकदा टपालात पडला की मागे घेता येत नाही. पंधरा दिवसांपूर्वी लोणारचे गुलाबराव आमच्याकडे येऊन गेले. त्यांच्या लेकानंही आमच्या गोपालसारख्या मशीनी मांडल्या आहेत आणि उन्हाळा लागायच्या आतच त्या तापून बंद पडू लागल्या आहेत. कुणीतरी तुझं नाव सांगितलं म्हणून तू कामाला आहेस त्या शेगावच्या लॉजवर ते आले, तर तू हात जोडलेस म्हणे, "मले त्यातलं काही समजत नाही भाऊ. म्या केलेली खोली फेल गेली हाय, पिंपळगावले जाऊन पाहा." गुलाबराव सरळ माणूस, ते खरंच पाहायला आले. संघपाल, तुझं ते बोलणं ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. तुला काय समजतं ते तू विसरला असशील, मी विसरलेलो नाही. तेच आधी लिहितो.

मागच्या वर्षी गोपालनं त्या मशीनी आणल्या तेव्हाचं घर आठवतं ना? नुसते उघडे सांगाडे, एकेकात संगणकाची सहा-सहा कार्डं आणि दुप्पट पंखे. कांदा लावणं आम्ही सोडलं होतं, चाळ रिकामी पडली होती, तिथं त्यानं त्या रांगेनं मांडल्या आणि वर सोलर बसवलं. मी विचारलं, हे करतात तरी काय? तर म्हणे, "बाबा, दिवसभर गणितं सोडवतात, त्याची नाणी भेटतात, डोयाले न दिसनारी." न दिसणारी नाणी काही माझ्या गळी उतरली नाहीत, पण गणितं सोडवताना डोकं तापतं हे मात्र लगेच पटलं, माझी शाळा सातवीत त्यापायीच सुटली. पुढे जे शिकलो ते पुड्यांचे कागद वाचून आणि बिघडलेल्या मोटारी उघडून. त्या शिकण्याच्या घमेंडीतच मी मार्चअखेर चाळीला चहूबाजूंनी ओली गोणपाटं बांधली. माठ थंड राहतो, भाजी थंड राहते, मग मशीननं काय घोडं मारलंय? आठवडाभर मी दर तासाला पाणी मारलं. मग गोपालनं एक कार्ड काढून माझ्या नाकापुढे धरलं. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा गंज! "बाबा, पाया पडतो तुमच्या, आता या खोलीतल्या कशाले हात लावू नका," असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खामगावहून तुला घेऊन आला. मोटारींचं वाइंडिंग करणारा, आयटीआय झालेला, एका पिशवीत सगळी हत्यारं मावणारा माणूस. मी मनात म्हटलं, हा काय दिवे लावणार.

आणि तू दिवे नाही, उदबत्ती लावलीस! चाळीत शिरलास, उदबत्ती पेटवलीस आणि कोपऱ्या-कोपऱ्यांतून फिरायला लागलास. मी हिला, म्हणजे तुझ्या काकूला, हाक मारली, पुष्पाबाई, या पाहा, मेकॅनिक आधी देवपूजा करतो. तर तू मागे न पाहता म्हणालास, "पूजा नाही करून राह्यलो काका, हवा पाहून राह्यलो. धूर कुठी जाते ते पाहा." आम्ही पाहिलं. धूर मशीनच्या मागून निघायचा आणि वळसा घेऊन पुढून पुन्हा तिच्याच तोंडात शिरायचा. तू म्हणालास, "बिचारी आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेऊन राह्यली. माणूस तोंडावर गोधडी घेऊन झोपला तं घामेघूम होईल का नाही?" बस. एका उदबत्तीत मला कळलं ते गोपालला महिनाभर मोबाईलवर पाहून कळलं नव्हतं.

पुढे तू जे केलंस ते अजून डोळ्यांसमोर आहे. चाळ पाडू दिली नाहीस. "काका, कांदा बी आतून तापते, म्हनून तर चाळीले खालून फटी ठेवल्या तुम्ही. अर्धं काम तुमचंच झालेलं हाय," असं म्हणून तू त्या म्हाताऱ्या चाळीचा मान राखलास, माझाही राखलास. बाजू बंद केल्यास, सावलीकडची, उत्तरेची तेवढी खालची फट मोकळी ठेवलीस. मशीनी मधोमध भिंतीसारख्या रचल्यास आणि उरलेल्या जागा पत्र्यानं बुजवल्यास, म्हणजे अलीकडची थंड हवा पलीकडे जायची असेल तर ती मशीनच्या पोटातूनच जाईल. पलीकडे छपराशी दोन मोठे पंखे, गरम हवा उचलून बाहेर फेकायला. ना बर्फ, ना पाणी. हवेला वाट दाखवली आणि ती शहाण्या गायीसारखी त्या वाटेनं चालू लागली.

राहिली धूळ. मच्छरदाणीच्या जाळीतून धूळ सरळ आत यायची, जाड कापड लावलं की हवाच अडायची आणि पंखे धापा टाकायचे. तू तीन दिवस त्या फटीपुढे उकिडवा बसून होतास. मग गिरणीवाले पीठ पडतं त्या तोंडाला बांधतात ते कापड घेऊन आलास, पण फट होती दोन हात आणि कापड आणलंस दहा हात. मी हसलो, म्हटलं मशीनला नऊवारी नेसवतोस की काय! आणि तू खरंच तेच केलंस. हिला म्हणालास, "काकू, याच्या निऱ्या घालून द्या. कापड जास्त, तं हवेले जागा जास्त. हवा हळू येईन, धूळ कापडावरच बसून राहीन." हिनं तारेच्या चौकटीवर एकसारख्या निऱ्या घातल्या, तू पट्टीनं त्यांचं अंतर मोजलंस आणि म्हणालास, "कंपनीतल्या मशीनले बी इतकं सरळ येत नाही." साठ वर्षांच्या आयुष्यात हिच्या निऱ्या कुणी मोजल्या नव्हत्या. त्या दिवशी तुला शेवयाची खीर मिळाली, मला नाही.

चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक अर्ध्यावर सोडून, पांढऱ्या शर्टात तू भर दुपारी आलास, कारण पारा चव्वेचाळीसला गेला होता आणि तुझ्या जिवाला चैन पडेना. एकेका मशीनमागे हाताचा पंजा धरून उभा राहिलास, बाळाचा ताप पाहावा तसा. सगळा उन्हाळा एकही बंद पडली नाही. दर आठवड्याला ते कापड काढून तू लांब नेऊन उलट्या बाजूनं झटकायचास, कार्डांवरून मऊ ब्रश फिरवायचास, पंखा फुंकणीनं साफ करताना त्याचं पातं बोटानं धरून ठेवायचास, उगाच गरगरून बिघडू नये म्हणून. मला जवळ बसवून शिकवायचास. गोपालनं हात लावू नका म्हटलं होतं, तू मात्र माझ्या हातात ब्रश दिलास. तो माझ्यासाठी केवढा मान होता हे मी तेव्हा बोललो नाही.

मग ऑक्टोबर उजाडला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी तीन मशीनी बंद पडल्या आणि एकीची दोन कार्डं जळाली. गोपालनं तुला बोलावलं. तू मशीन उघडलीस आणि आत सोयाबीनचं कुटार, मळणीचा सगळा भुसा, पंख्यांत, कार्डांच्या फटींत, लोकरीचा नमदा जमावा तसा. तू सरळ कापडाकडे गेलास. कापड पांढरं स्वच्छ. तू त्यावरून बोट फिरवलंस, बोटाकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला. आत एवढा कचरा आणि कापडावर काही नाही, म्हणजे कापडानं काहीच अडवलं नाही. गोपाल नको ते बोलला. जुगाड म्हणाला, चिंध्या म्हणाला, "एसी लावला असता तं हे झालं नसतं" म्हणाला. तू एकच बोललास, "माहंच चुकलं." चहा ठेवला होता, तो न घेता गेलास. मी दाराशीच उभा होतो. त्यानंतर तू खामगावचं दुकान बंद केलंस आणि लॉजवर पाण्याच्या मोटारी चालू-बंद करायला लागलास, हे मला नंतर कळलं.

संघपाल, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ते कापड मी धुतलं होतं. खंडेनवमीला आपल्याकडे नांगर, वखर, विळे सगळं धुऊन पुजतात. गोपाल आईला घेऊन आमच्या लेकीकडे गेला होता, मी एकटा होतो. मनात आलं, घरातलं खरं औजार तर आता हेच. मशीनींना पाणी चालत नाही एवढं शिकलो होतो, म्हणून त्यांना फक्त हळदकुंकवाचं बोट लावलं. मळकं कापड तेवढं चौकटीवरून काढून रिठ्याच्या पाण्यात स्वच्छ धुतलं आणि कुंपणावर टाकलं. वाळलं, पण निऱ्या मोडल्या होत्या आणि मला काही त्या घालता येईनात. म्हटलं, ही आली की घालेल. तेवढ्यात दसऱ्याच्या दिवशी गोपालनं तिकडूनच मोबाईलवर मशीनींचं तापमान पाहून फोन केला, "बाबा, आज मशीनी तीन डिग्रीनं थंड हायेत!" कापड नाही म्हटल्यावर हवा भरपूर येणारच, पण मला वाटलं पूजा पावली. आणि शेजारच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर चालू होतं. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी आत गेलो तर मशीनींवर कुटाराचा थर. घाबरून मी कशाबशा वेड्यावाकड्या निऱ्या घालून कापड परत बसवलं. दुपारी गोपाल आला, मग तू आलास. तुला फक्त कापडाचा पांढरेपणा दिसला. निऱ्या दिसल्या त्या हिला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाच महिने एका शब्दानं विचारलं नाही. मी बोलायची वाट पाहत राहिली. मी का बोललो नाही? गोपालनं पुन्हा त्या खोलीतून हाकललं असतं, एवढंच. तेवढ्या चिमूटभर भीतीपोटी मी तुझं नाव जाऊ दिलं.

गुलाबराव आले त्या दिवशी मी त्यांच्यासमोर, गोपालसमोर, हिच्यासमोर हे सगळं सांगितलं. गोपाल इतकंच म्हणाला, "काऊन बोलले नाही बाबा?" आणि वावरात निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर फेकलेलं ते कापड घेऊन खाली उतरला, आईपुढे ठेवलं, तिनं निऱ्या घातल्या. तू गेल्यावर फट बुजवून त्यानं एसी बसवला होता, तो बंद केला, तुझी फट उघडली. आठ दिवस शेजारी हरभऱ्याची मळणी चालली. काल कापड उतरवलं तर हातात धरवत नव्हतं एवढं जड, आणि आत कार्डांवर बोट फिरवलं तर बोट कोरडं, स्वच्छ. गोपाल म्हणतो, "मीच जातो शेगावले, माफी मले मागा लागते." मी त्याला थांबवलंय, ज्यानं आग लावली त्यानं आधी जावं. या रविवारी गुलाबराव पुन्हा तुझ्याकडे येत आहेत, त्यासाठी घाईघाईनं हे पत्र. तू त्यांना नाही म्हणालास तर माझी तक्रार नाही. लॉजची नोकरी सावलीतली आहे, लोणारचे हेलपाटे उन्हातले, माझ्याबद्दल मनात राग असेल तर तोही रास्त. पण "मले समजत नाही" असं मात्र त्यांना सांगू नकोस. ते खोटं आहे, बाळा, आणि ते खोटं माझं आहे.

तुझाच, काका म्हणवून घ्यायची हिंमत अजून करणारा,
उत्तमराव