महादेवाला उजवी घालून

रवि. १२ जाने.
श्रीशंकराची कृपा या लेखणीवर असो, आणि तिने खरे तेच लिहावे. आज ते अवघड आहे.

सायकल मंडळाची दोनशे किलोमीटरची वार्षिक स्वारी आज झाली. कर्जत, पळसदरी, खोपोली, खालापूर, चौक, पुन्हा कर्जत. अशा चार फेऱ्या. पहाटे नारळ मीच वाढवला, संकल्प मीच सांगितला. तिसऱ्या फेरीत, चौक गावाकडून येताना शेवटच्या घाटीच्या उतारावर, डाव्या वळणाला मंडळातली मनीषा पडली. डंपरमधून सांडलेली खडी. उजव्या मांडीचे हाड मोडले. मी पोहोचलो तेव्हा शुद्धीवर होती. म्हणाली, "सर, आधी सायकल बघा."

सायंसंध्या केली. मन नव्हते.

सोम. १३
सुधाकर सकाळी येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, आता मंडळाचा कार्यवाह. मनीषाच्या मांडीत सळई घातली, ठीक आहे, एवढेच बोलला.

जे बोलला नाही ते येथे लिहून ठेवतो. डिसेंबरच्या सभेत तोच उभा राहिला होता : "सर, यंदा उलटे फिरू. ती घाटी चढावी, उतरू नये. रस्ता पार गेलाय." मी म्हणालो, फेरीच्या मध्यभागी डोंगरावर महादेव आहे. देवाला उजवी घालूनच फिरावे. डावी घालून फिरतात ते प्रेतकार्यात. सभेने माना डोलावल्या. सुधाकर खाली बसला.

मंगळ. १४, संक्रांत
तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सुमती म्हणाली, "अहो, एक विचारू? शंकराच्या देवळात तुम्ही पन्हळीपाशी थांबता, आल्या वाटेने मागे फिरता. जन्मभर पाहते आहे. मग रस्त्यावर ही पूर्ण फेरी कुठून आणलीत?"

पंचांग पाहत बसलो.

शास्त्र तिचेच खरे आहे. शिवाच्या अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून जाते ती ओलांडायची नाही. तिथवर जायचे, परत फिरायचे, दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथवर यायचे. म्हणजे महादेवाला उजवीही घालतात, डावीही. सुधाकर म्हणत होता तसे फिरण्यास शास्त्राची कोणतीही आडकाठी नव्हती.

आणि हे मला त्या सभेतच आठवले होते. बोलता बोलता, वाक्याच्या मध्यावर. पण वाक्य सुरू झाले होते, माणसे ऐकत होती, आणि मागे घेणे

गुरु. १६
रुग्णालयात. मनीषाचे वडील नामदेव पायथ्याशी बसलेले. पळसदरीचे, भातशेती करतात.
"गुरुजी, तुमी कशाला एवढ्या उन्हाचं? बसा, बसा."
मनीषा : "सर, मोडलंय माझं. तोंड तुमचं का पडलंय?"
ती रोज पळसदरीहून खोपोलीला कामावर सायकलने जाते. वर्षअखेरीस सहाशे किलोमीटरची स्वारी करायची होती. त्यासाठी दोन वर्षे तयारी. डॉक्टर म्हणतात, हाड कसे जुळते ते पाहू.

सांगायचे ठरवून गेलो होतो. संत्री ठेवून आलो.

रवि. १९
मंडळाचा अपघात-अहवाल आला. सुधाकरच्या अक्षरात : "स्वाराने उतारावर वेगाचा ताबा ठेवला नाही." नियमाप्रमाणे असा शेरा पडला की दोन वर्षे मंडळाच्या कोणत्याही स्वारीत भाग घेता येत नाही. सहाशेच्या स्वारीला मंडळाचे शिफारसपत्र लागते. म्हणजे हाड जुळले तरी तिची वाट बंद.

फोन केला. म्हणालो, हे योग्य नाही. तो म्हणाला, "सर, कुणाच्या तरी नावावर घालावंच लागतं. तुमचं घालू का?" आणि हसला.
मीही हसलो.

शुक्र. २४
पळसदरीस मनीषाच्या घरी गेलो. तिला कालच घरी आणले. ओटीवर खाट टाकलेली. सर्व सांगितले : सुधाकरची सूचना, माझे उत्तर, पन्हळ, आणि मला ते आठवले होते हेही.

नामदेव तंबाखू मळत होते. "म्हंजे देवाचं नुसतं निमित्त व्हतं?"
"होय."
"मंग त्याला कशाला मदी घातलात, गुरुजी? तो काय सायकल चालवतो?"
आतून तिची आई : "अवो, गप बसा. दारात आलेल्या मानसाला असं बोलत्यात व्हय?"
"मी काय वंगाळ बोललो गं? इचारलं."

मनीषा माझ्याकडे न पाहता बोलली. "वेग होता माझा, सर. नव्हता असं म्हणणार नाही. पण दोन फेऱ्या तेच वळण नीट उतरले होते. हे मला एकटीला सांगून काय उपयोग? सभेत सांगा. मी येते."

चहा आला. तो घेऊन निघालो.

रवि. २ फेब्रु.
सभा. मनीषा वॉकर घेऊन आली होती, सर्वांत मागे बसली. नामदेव भिंतीला टेकून उभे.

उभा राहिलो आणि सांगितले. काही झाकले नाही. पन्हळीचे शास्त्र, माझा अहंकार, जाणून बाळगलेले मौन. अर्धा तास बोललो असेन. मग कोणीतरी म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा!" टाळ्या झाल्या. दोघे पुढे येऊन पाया पडले. सुधाकर म्हणाला, "सर, सगळ्यांचं ओझं तुम्ही स्वतःवर घेता." मी म्हणालो, घेत नाही, ते माझेच आहे. पुन्हा टाळ्या. अहवालाचा विषय निघालाच नाही. भजी आली.

मनीषा दाराशी थांबली होती. म्हणाली, "सर, कीर्तन छान रंगलं."
"चल गं, टेंपो खोळंबलाय," नामदेव म्हणाले. माझ्याकडे पाहिले नाही.

गुरु. ६
तीन दिवस काही लिहिले नाही.

तिचे खरे आहे. अर्ध्या तासात शास्त्र सांगितले, पाप सांगितले, पश्चात्ताप सांगितला. 'तो शेरा खोडा' हे तीन शब्द मात्र माझ्या तोंडून आले नाहीत. माणसे टाळ्या वाजवतील असेच मी बोललो. इतक्या वर्षांची सवय.

आज मंडळास पत्र दिले. संस्कृत एक अक्षर नाही. "मार्गाची दिशा माझ्या हट्टाने ठरली. धोका मला सांगितला गेला होता. मनीषाच्या नावावरील शेरा खोडून तो माझ्या नावावर घालावा. तोवर मी मंडळाच्या कोणत्याही कार्यास येणार नाही."

सुधाकरने वाचले, घडी घातली. "सर, तुमच्यावर शेरा घातला तर गावात लोक माझ्याच तोंडात शेण घालतील."
"घालोत."
"तुम्हाला बोलायला सोपं आहे. तेव्हाही सोपं होतं."
पहिल्यांदाच तो माझ्याशी असा बोलला. बरे वाटले म्हणावे, तर तसेही नाही.

रवि. ९
उत्तर नाही. कार्यकारिणी कधी बसेल, कोणी सांगत नाही.

पहाटे एकटाच सायकल घेऊन घाटीस गेलो, कर्जतच्या बाजूने, चढाने. वळणापाशी दम तुटला, उतरून ढकलत नेली. चढाने येणारा तिथे पावलाच्या गतीनेच येतो. पडला तरी गुडघा खरचटेल, इतकेच. खडी अजून तशीच आहे. पायाने जमेल तितकी बाजूला सारली. दोन डंपर गेले, पुन्हा सांडली.

परतल्यावर सुमतीला इतकेच सांगितले की मनीषाचे नवे क्ष-किरण चित्र बुधवारी काढतील. ती म्हणाली, "तुम्ही जाणार?" म्हणालो, बोलावले तर. बोलावलेले नाही.

हे जो कोणी कधी वाचील त्याची वाट निर्वेध असो, त्याची हाडे शाबूत राहोत. आणि ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवून दुसरा वाटेला लागतो, त्याला वाक्य मध्येच तोडण्याचे धैर्य शंकर देवो.