आठ बाय बत्तीस

प्रिय क्लेअर,

परळला हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. रघुवीर आत व्यायामाला गेलाय. ती फिजिओथेरपीवाली मुलगी त्याला लवकर सोडत नाही, तेवढाच वेळ माझा. फोन केला असता, पण आमच्या नायगावच्या घरात खोल्या दोन आणि याचे कान अजून तसेच तिखट. पानाआडचा पक्षी आवाजावरून ओळखणारा माणूस, बायको आतल्या खोलीत कोणाशी कुजबुजतेय हे त्याला कळणार नाही होय?

नाताळात तू गिरगावातून पाठवलेले कुलकुल मिळाले, मस्त गोड झाले होते. डब्यातली चिठ्ठीही मिळाली. 'रघू, अजून रागावलायस?' एवढंच लिहिलं होतंस. त्याने ती वाचली आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. तुला वाटतंय, त्या दिवशी तुंगारेश्वरच्या जंगलात नव्या मुलांसमोर तू त्याची चूक काढलीस म्हणून तो पक्षी बघायला यायचा बंद झाला. झाडात हिरवट पिवळं काहीतरी हललं, तो हळद्या म्हणाला आणि तू म्हणालीस, रघू, नीट बघ, पर्णपक्षी आहे. मला हे त्यानेच सांगितलं. पण राग तुझ्यावर नव्हता, क्लेअर. त्याला तो पक्षी दिसलाच नव्हता. त्याने अंदाजाने नाव ठोकून दिलं होतं. इतकी वर्षं तुमच्या ग्रुपला 'दिसल्याशिवाय नाव घ्यायचं नाही' म्हणून दम देणारा तो, आणि त्यानेच असं केलं. घरी आला, दुर्बीण माळ्यावर टाकली, आणि तुझा फोन आला की मी गुडघ्याचं कारण सांगायचं असं ठरलं. मी सांगत राहिले. त्याचे गुडघे तुझ्यामाझ्यापेक्षा बरे आहेत.

गेल्या महिन्यात जेवताना अचानक म्हणाला, नवी दुर्बीण घेऊ या, जुनी फार जड झालीय. मला इतकं बरं वाटलं की मी भात वाढायची थांबले. विनीत बंगळुरूहून म्हणाला, ऑनलाइन मागव ना बाबा, दोन दिवसांत येईल. पण दुर्बीण डोळ्याला लावल्याशिवाय घ्यायची नसते असं याचं म्हणणं. म्हणून शनिवारी माझी बँक सुटल्यावर आम्ही टॅक्सी करून फोर्टात गेलो. दुकानाचे मालक हितेंद्रभाई, बोलका माणूस. त्यांनी आधी बारा पट मोठं दाखवणारी काढली, मग दहाची. दारात उभं राहून समोरच्या इमारतीवरची वकिलाची पाटी वाचायची, ही त्यांची परीक्षा. रघुवीरने बारावाली लावली आणि लगेच काढली. काच बेकार आहे म्हणाला. दहावाली लावली. हिचीही काच बेकार. हितेंद्रभाईंनी ती स्वतः डोळ्याला लावून पाटी वाचून दाखवली, वकिलाचं नाव, पदव्या, भेटायच्या वेळा, सगळं. मग ती याच्या हातात परत दिली आणि चहा सांगतो म्हणून आत निघून गेले. समजूतदार माणूस असावा. रघुवीरने पुन्हा लावली. दुर्बीण चष्म्यावर टकटक वाजत होती, मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने त्याने ती खाली केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काच चांगली आहे, मेघना. हात स्थिर राहत नाहीये."

पार्किन्सन आहे त्याला. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्यालाही आता दीड वर्ष होत आलं, पण त्या दिवसापर्यंत घरात आम्ही त्याबद्दल सरळ बोललो नव्हतो. गोळ्यांच्या वेळा बोलायचो, चहा अर्धा कपच भरायचं बोलायचो, पण हाताबद्दल नाही. बाहेर कोणाला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातलीय. तुला तर नाहीच नाही. तू हळू बोलायला लागशील, त्याच्यासाठी वाटेत थांबायला लागशील, ते त्याला नकोय.

तुला हे सगळं पाठ असेल, मला त्या दुकानात कळलं. जितके पट जास्त, तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. आठ पटीत पक्षी जरा लांब राहतो, पण निदान राहतो. मग भिंगं बेचाळीस मिलिमीटरची की बत्तीसची यावर गाडी अडली. बेचाळीसची भिंगं मोठी, दाट झाडीत उजेड जास्त घेतात. जंगलात जायचं तर तीच घ्या, असं तो स्वतःच मुलांना सांगायचा ना? पण ती थोडा वेळ धरली की त्याची मनगटं खाली यायला लागली. चित्र स्थिर ठेवणारी बॅटरीवाली होती, ती तर आणखी जड निघाली. शेवटी आठ पटीची बत्तीसवाली घेतली, उजेड कमी घेणारी पण हलकी. चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतोय का, पानांत शिरलेला पक्षी पुन्हा पटकन सापडेल एवढं रुंद दिसतंय का, हे मात्र त्याने सावकाश तपासलं. हल्लीसारखा वाकलेला दिसत नव्हता तो त्या वेळी. "आपण ऊन वर आल्यावर जात जाऊ," म्हणाला. पहाटेच्या पक्ष्यांवर त्याने तिथेच पाणी सोडलं.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो. मला पक्ष्यांतलं काय कळतं? त्याला आवाज यायचा, तो म्हणायचा, डावीकडे, फांदी फुटलीय तिथे, आणि मी भलत्याच झाडाकडे बघत बसायचे. तो चिडला. मीही चिडले. मग एका ठिकाणी त्याला काहीतरी दिसलं असावं. त्याने मला पुढे उभं केलं, मागून दोन्ही कोपरं माझ्या खांद्यांवर टेकवली आणि दुर्बीण लावली. म्हणाला, हलू नकोस. मी हलले नाही. माझ्यासमोर एका झाडाचं खोड होतं आणि त्यावरून मुंगळे चालले होते, मी ते बघत राहिले. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता, तो एकदम संथ झाला. स्वर्गीय नर्तक होता म्हणे, पांढऱ्या लांब शेपटीचा. घरी येईपर्यंत तो त्याच्याबद्दलच बोलत होता. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण क्लेअर, माझे खांदे भरून आले होते. आणि सोमवारी पुन्हा त्याची आंघोळ, त्याच्या शर्टाची बटणं, गोळ्या, डबे, मग माझी बँक.

तुला वाटेल मी तुमची मैत्री जुळवायला हे लिहितेय. तेवढी मोठ्या मनाची मी आज नाही. मला रविवार हवाय. तू त्याला घेऊन जा. तुझे खांदे माझ्याहून रुंद आहेत, आणि तो काय बघतोय ते तुला कळेल तरी. हळू बोलू नकोस, त्याची चूक झाली तर पूर्वीसारखी काढ. आधी फोन करू नकोस, तो काहीतरी कारण सांगून टाळेल. येत्या रविवारी सकाळी सरळ आठच्या सुमाराला दारात उभी राहा. मी त्याला बूट घालून, नाश्ता देऊन तयार ठेवते. तुला बघितल्यावर त्याला कळेलच मी शपथ मोडली ते, आणि तो माझ्यावर चिडेल. चिडू दे. त्याचं काय ते मी संध्याकाळी बघेन. तुम्ही जिना उतरलात की मी दार लावून झोपणार आहे.

तुझीच,
मेघना