आईला न कळवलेलं ऑपरेशन

पतियाळा

प्रिय आई,
तुझ्या नि आबांच्या पाया पडते. फोनवर बोलले तर रडू येईल, म्हणून लिहितेय.

दिवाळीनंतर सरावात उडी घेताना माझा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, तुला कळवलं नाही. आता काठीशिवाय चालते, जेवणही जातं. पण डॉक्टर म्हणाले, "उंच उडी आता विसरा."

सर समजावतात, "दोनदा देशात पहिली आलीस, ते कोण काढून घेणार?"

यंदा द्राक्षं कशी आहेत? तुझी कंबर अजून दुखते का? मी आशियाई स्पर्धेत उतरणार, असं आबा दिंडोरीत सगळ्यांना सांगत असतील. सांगू देत. मी आल्यावर बोलेन त्यांच्याशी.

शनिवारी पोचते. या वेळी हार घेऊन कुणाला स्टेशनवर येऊ देऊ नकोस. तू एकटीच ये.

तुझी,
स्नेहल