मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप

बाबा,

मी बोईसरला बँकेत जातेय. आमटी झाकून ठेवलीय.

टेबलावर तुम्हाला हवा तसा मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप आहे. दुकानदाराने वापरून बघायला दिलाय. स्वस्तातला आहे. वजनाला दगड, आणि चार्जर काढला की लगेच मान टाकतो. पण आपल्या चिकूच्या बिलांना पुरेल. अक्षरं मोठी करून ठेवलीत. दिसतात का, ते खरं सांगा.

नखाने खरवडून आत हिरवं दिसलं तर चिकू तोडायचा नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत. काल तुम्ही तोडलेली अख्खी टोपली हिरवी निघाली. मी कुणाला बोलले नाही.

उद्या पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. लॅपटॉपचं त्यानंतर ठरवू. कदाचित छोटाही चालेल.

हेमांगी