सोमवारचा घाम

पणजी, ४ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप बाबांस,
क्षमाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.
काल सगुणकाका भेटले. तुमच्यासारखेच त्या खाणीवर ट्रक चालवतात, म्हणून हौसेने तुमची चौकशी केली. ते म्हणाले, गेले दोन सोमवार अकराच्या सुमारास तुम्ही ट्रकला टेकून उभे असता, घामाने निथळत, बोलणे अडखळत. मुकादमाने किल्ली काढून घेतली. पुन्हा असे झाले तर कामावरून काढणार. बाबा, पोरगी बी. ए. झाली म्हणून गावभर सांगता, आणि सकाळीच फेणी? मला लाज वाटली.
रागावलेली तरी तुमचीच,
क्षमा

मये, ७ नोव्हेंबर

चि. क्षमास अनेक आशीर्वाद.
तुझे पत्र ह्यांनी वाचले, खिशात ठेवले आणि जेवले नाहीत. सांगू नको म्हणालेत, तरी सांगते. फेणीचा थेंब नाही गो! तुला शाळेत नोकरी लागावी म्हणून श्रावणापासून सोमवार धरलाय. दिवेलागणीपर्यंत पोटात काही नाही. गेल्या महिन्यात मधुमेहाची गोळी सुरू झाली, ती मात्र सकाळी मीच हातावर ठेवते. सदरा पिळावा इतका भिजतो, अंग गार पडते. कुणाची नजर लागली म्हणून मी दिष्टसुद्धा काढली.
तुझी आई विनोदिनी

पणजी, १० नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस सा. न. वि. वि.
पत्र काल मिळाले. काल सोमवारच होता. तशीच दवाखान्यात धावले. हे पत्र पोस्टात न टाकता बसवाल्या शिवदासकडे देते.
इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार घाम सुटण्याची कारणे पुष्कळ: थायरॉइड, क्षय, हृदय, नुसती भीतीसुद्धा. पण सोमवारीच का? उपास आणि गोळी सांगताच त्या उठून उभ्या राहिल्या. ती गोळी घेऊन उपाशी राहिले की रक्तातली साखर फार उतरते. गार घाम, कापरे, जीभ जड. बघणाऱ्याला वाटते, प्यालाय. माणूस बेशुद्धही पडतो. खिशात गूळ ठेवा, घाम सुटताच खा, आणि आपल्या डॉक्टरांना लगेच भेटा. सोबतची बाईंची चिठ्ठी मुकादमाला दाखवा.
बाबा, मी न विचारताच तुम्हाला दोषी ठरवले. उपासावर माझा विश्वास नाही, तरी तुम्हाला रुखरुख नको म्हणून यापुढे सोमवार मी धरीन. तुम्ही जेवा.
माया पातळ करू नये.
क्षमा

मये, १७ नोव्हेंबर

चि. क्षमास आशीर्वाद.
नऊ तारखेलाही उपास होता, पण किल्ली मुकादमाकडेच होती, म्हणून वाचलो. डॉक्टरांना भेटलो; त्यांनीही कान उपटले. मुकादमाने चिठ्ठी वाचून किल्ली स्वतः आणून दिली. आता रोज माझा खिसा चाचपतो, गूळ आहे का म्हणून; अर्धा तोच खातो.
काल देवळात सांगून आलो की पोरीने माझी पाळी घेतली. मग पेज प्यालो, भाजीबरोबर उंडो-पाव खाल्ला. तू उपाशी हे आठवून ताट सारणार होतो, पण तुझी आई समोर बसली होती.
तुझे रागाचे पत्र अजून खिशातच आहे. गुळाने चिकट झालेय. नोकरी लागली की सोमवारी घरी ये. तुझा उपास मी माझ्या हाताने सोडवीन.
तुझा बाबा,
कृष्णनाथ